गळ्यात अजगर, डोक्यावर छत्री: फ्लीअर १९८४ चा बेसबॉल सेट घ्यावा का?

फ्लीअर कंपनीच्या १९८४ च्या बेसबॉल सेटमध्ये ६६० कार्डं आहेत (पाकिटातून यायची, खेळाडूचा फोटो छापलेली, जमवायची ती कार्डं) आणि त्यातली सहाशे तरी सरळसरळ बोअर आहेत. म्हणजे उन्हात डोळे बारीक करून बघणारा माणूस, खांद्यावर बॅट, मागे रिकाम्या खुर्च्या, पुढचं कार्ड, परत उन्हात डोळे बारीक करून बघणारा दुसरा माणूस. पण उरलेल्या पन्नास-साठ कार्डांत जे काय चाललंय ना, त्यासाठी मी हा सेट डोळे झाकून घ्या म्हणून सांगेन, आणि ज्यांना बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही त्यांनी तर आधी घ्या. मला तरी कुठे फार कळतं, फिलाडेल्फियाजवळ राहते त्यामुळे फिलीज या इथल्या बेसबॉल टीमच्या मॅचेस घरात चालू असतात आणि कानावर पडतं तेवढंच ज्ञान.

सेट हातात आला की १८२ नंबर काढा. ग्लेन हबर्ड, अटलांटा ब्रेव्हज टीमचा सेकंड बेसमन, म्हणजे दुसऱ्या बेसजवळचा फील्डर. बुटका, दाढीवाला, अंगात टीमचा युनिफॉर्म, आणि गळ्यात हाऽऽ एवढा जिवंत अजगर, बोआ जातीचा. आणि हा हसतोय! नुसता सहन करत उभा नाहीये, खूश आहे. मागे जरा धूसर असं हिरवं काहीतरी दिसतं ते म्हणजे फिली फॅनॅटिक, फिलीजचा तो हिरवा केसाळ मॅस्कॉट, कारण फोटो आमच्या इथल्याच व्हेटरन्स स्टेडियमवर काढलेला आहे, जे स्टेडियम २००४ मध्ये पाडलं. कार्डाच्या समोरच्या बाजूला माणसाचं नाव, पोझिशन, बस. साप का, कुणाचा, कशासाठी, काहीही खुलासा नाही.

आता जरा विचार करा, हा काही ऐरागैरा खेळाडू नव्हता, आदल्याच वर्षी, १९८३ मध्ये, ऑल-स्टार झालेला, म्हणजे सीझनच्या निवडक खेळाडूंत आलेला. फोटोग्राफर लोक सीझनभर ढिगाने फोटो काढायचे, त्यामुळे त्याचे बॅट घेतलेले, बॉल पकडणारे सभ्य फोटो कंपनीकडे पडलेले असणारच. तरी ऑफिसात बसलेल्या कुणीतरी ते सगळे बाजूला सारले आणि सापवाला उचलला, मग तो वरच्याने पास केला, छापखान्यात गेला, हजारो-लाखोंनी छापला गेला आणि देशभरच्या किराणा दुकानांत जाऊन पडला. मला या कार्डांचं वेड लागलं ते इथेच. खेळाडूसाठी नाही हो, त्या ऑफिसातल्या अनोळखी माणसासाठी. इतक्या रटाळ, आकडेवारीने भरलेल्या कामात कुणीतरी मजा करून घेतली आणि त्याला कुणी अडवलं नाही.

बरं हा एकदाच झालेला अपघात असं म्हणायलाही जागा नाही, कारण याच सेटमध्ये जे जॉनस्टोन आहे. शिकागो कब्जच्या कपड्यांत, आणि डोक्यावर छत्री. हातात नाही, डोक्यावर, ती टोपीसारखी घालायची छोटी छत्री असते ना तसली, त्यावर बडवायझर बिअरची जाहिरात. लहान मुलांच्या कार्डावर बिअर! आज असलं काही छापलं तर आईबापांचे मेल सुरू होतील.

जॉनस्टोनबद्दल वाचायला लागलात तर तुमची संध्याकाळ गेली असं समजा. नंबर एकचा वात्रट माणूस. लॉस एंजेलिस डॉजर्समध्ये असताना १९८१ मध्ये जेरी रॉयस नावाच्या पिचरला (म्हणजे बॉलरला) सोबत घेऊन हा ग्राउंड्समनचे कपडे घालून, चालू मॅचच्या मधल्या ब्रेकमध्ये मैदानाची माती सपाट करायची जाळी ओढायला गेला, मॅनेजर टॉमी लसोर्डाने दोघांना दंड ठोकला, आणि त्याच मॅचमध्ये नंतर पिंच हिटर, म्हणजे बदली बॅट्समन म्हणून याला पाठवावं लागलं तर पठ्ठ्याने होमरन मारला, आपल्या सिक्सरसारखा. दुसऱ्या एका वेळी लसोर्डाला त्याच्याच खोलीत कोंडून ठेवलं होतं, दाराची मूठ बाहेरच्या झाडाला दोरीने बांधून. २०२० मध्ये कोविडच्या काळात गेला बिचारा. तर अशा माणसाचं कार्ड काढायचं तर छत्रीवालाच फोटो बरोबर, त्याबद्दल कंपनीला फुल मार्क.

तिसरं बघायचं ते 'पाइन टार'वालं. याची गोष्ट माहीत नसेल तर कार्ड कळणार नाही म्हणून थोडक्यात. बॅट हातातून निसटू नये म्हणून मुठीकडे पाइन टार नावाचं काळं चिकट काहीतरी लावतात, नियमाप्रमाणे १८ इंचांपर्यंतच. २४ जुलै १९८३ ला यँकी स्टेडियममध्ये कॅन्सस सिटीच्या जॉर्ज ब्रेटने शेवटच्या इनिंगमध्ये होमरन मारला, मॅच फिरली, आणि यँकीजचा मॅनेजर बिली मार्टिन शांतपणे चालत अंपायरकडे आला, म्हणाला बॅट मोजा. मोजली, चिकटा जास्त वर गेलेला, ब्रेट आऊट. मग ब्रेट डगआउटमधून जो काय सुटला अंपायरच्या अंगावर, डोळे बाहेर, हात हवेत, तो व्हिडिओ अजून लोक बघतात. त्या गोंधळात त्याच्याच टीमचा म्हातारा पिचर गेलॉर्ड पेरी बॅट घेऊन सटकायला बघत होता, पुरावाच गायब! पुढे लीगच्या प्रेसिडेंटने निकाल फिरवला, होमरन धरला, आणि राहिलेली मॅच १८ ऑगस्टला येऊन पूर्ण केली. ब्रेट आणि पेरी दोघं या कार्डावर आहेत. सीझनमधला सगळ्यात मोठा तमाशा, आणि पुढच्या सेटमध्ये त्याचं वेगळं कार्ड. मस्त.

सेटमधलं सगळ्यात महाग कार्ड मात्र यातलं कुठलंच नाही. ते आहे डॉन मॅटिंग्लीचं, रुकी कार्ड म्हणतात त्याला, म्हणजे खेळाडूचं पहिलं. लोक याच्यासाठी सेट घेतात, ते एक काढून घेतात आणि बाकीचे ६५९ कवडीमोलाने काढून टाकतात, ज्याचा आपल्यासारख्यांना फायदाच. मॅटिंग्ली महान असेल, पण कार्डावर तो काहीच करत नाहीये. खरं सांगू तर या छंदात पैसा आणि मजा यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. २०२२ मध्ये टॉप्स या दुसऱ्या कार्ड कंपनीचं १९५२ चं मिकी मँटल या खेळाडूचं कार्ड १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं, छान आहे, निळं आकाश, पिवळी बॅट, पण दोन मिनिटं बघून झालं की संपलं. हबर्डचा साप मला एक-दोन डॉलरमध्ये सुटा मिळत होता आणि तो बघून प्रत्येक पाहुणा हसलेला आहे.

आता स्टिकर. प्रत्येक पाकिटात कार्डांसोबत टीमच्या लोगोचा एक स्टिकर यायचा, आणि लोक हे स्टिकर फुकटचा कचरा समजून बाजूला टाकतात, तर मला उलट वाटतं की पाकिटातली सगळ्यात इंटरेस्टिंग गोष्ट तीच आहे, कारण तो स्टिकर कोर्टकचेरीतून जन्माला आलाय.

फ्लीअर ही मुळात फिलाडेल्फियाची गमची कंपनी. साधीसुधी नाही, बबलगमचा शोधच त्यांच्याकडे लागला, १९२८ मध्ये, आणि तोही केमिस्टने नाही तर वॉल्टर डीमर नावाच्या त्यांच्या अकाउंटंटने फावल्या वेळात खटपट करून लावला. बबलगम गुलाबी का, तर त्या दिवशी हाताशी तेवढाच रंग होता म्हणून! तर अशा कंपनीला बेसबॉल कार्डं काढायची होती, पण टॉप्सने जवळजवळ सगळ्या खेळाडूंशी आधीच करार करून ठेवलेले. १९७५ मध्ये फ्लीअरने टॉप्सवर आणि खेळाडूंच्या युनियनवर केस टाकली. १९८० मध्ये जिंकले. नुकसानभरपाई किती मिळाली? १ डॉलर. कायद्याप्रमाणे तिप्पट करून ३ डॉलर. (वकिलांची फी किती झाली असेल याची कल्पना करा.) पण बाजार उघडला, १९८१ मध्ये फ्लीअर आणि डॉनरस नावाची आणखी एक कंपनी, दोघांची कार्डं आली, गमसकट. आणि ऑगस्ट १९८१ मध्ये अपील कोर्टाने निकाल उलटा फिरवला.

मग पळवाट शोधली. टॉप्सचा हक्क कशावर, तर नुसती कार्डं किंवा गोळ्या-गमसोबत विकलेली कार्डं यावर. दुसऱ्या कशासोबत विकली तर? म्हणून १९८२ पासून डॉनरसने पाकिटात जिगसॉ पझलचे तुकडे घातले, पहिल्या वर्षी बेब रूथचं चित्र, आणि फ्लीअरने घातले स्टिकर. म्हणजे कागदोपत्री तुम्ही स्टिकर विकत घेत होता आणि ही एवढी सगळी कार्डं त्यासोबत येत होती. आणि ज्या कंपनीने जगाला बबलगम दिला तिला आपल्याच पाकिटात बबलगम घालता येईना. मला हे इतकं आवडलंय ना, की सेटसोबत मी मुद्दाम स्टिकरचाही गठ्ठा वेगळा मागवला, जो जवळपास फुकटच मिळाला कारण मागणारं कुणी नव्हतं.

स्टिकर लगेच चिकटवायला जाऊ नका पण. चाळीस वर्षांपूर्वीचा गोंद आहे, काहींचा पार वाळून गेलाय, मागचा कागद ओढला की स्टिकरसकट फाटतो, काही अजून लॅपटॉपवर बसतील इतके चांगले. मी काही लावले, बाकीचे तसेच ठेवलेत.

तक्रारी आहेत, त्याही सांगते. एक म्हणजे छपाई. काही कार्डं वाकडी कापलेली, एका बाजूला पांढरी बॉर्डर जाड आणि दुसऱ्या बाजूला नावाला. फोटो थोडे हललेले. वर-खाली ती निळी पट्टी आहे ती मला आवडते, नवऱ्याला ती सरकारी फॉर्मसारखी वाटते. दुसरी तक्रार फ्लीअरची नाही, विकणाऱ्याची. ऑनलाइन घेतलेला 'कम्प्लीट, मिंट' (म्हणजे पूर्ण आणि कोराकरकरीत) म्हणून लिहिलेला सेट आला तेव्हा हापूसच्या पेटीचा प्रकार होता, वरचा थर एकदम कडक आणि खालच्या थरात कोपरे दुमडलेली, रबरबँडने कंबर आवळलेली कार्डं. वर काही नंबर गायबच. पैसे अर्धे परत मिळवले भांडून. त्यामुळे घेताना नुसत्या वरच्या फोटोवर जाऊ नका, १८२ नंबरचा आणि जॉनस्टोनचा क्लोजअप मागा, मॅटिंग्ली आहे का विचारा, आणि रबरबँड दिसला की पुढे चला. चांगल्या सेटला चाळीस-पन्नास डॉलर ठीक, त्याहून फार वर गेला तर मॅटिंग्लीचेच पैसे लावलेत असं समजा.

आणि प्लीज, सापवालं कार्ड प्लास्टिकच्या जाड डबीत सीलबंद करून वर १० पैकी ९ वगैरे ग्रेड लावून घेण्याच्या भानगडीत पडू नका. ग्रेडिंगची फी कार्डाच्या किमतीच्या कितीतरी पट होते, आणि असली कार्डं हातोहात फिरवायची असतात.

फ्लीअर १९८४ आवडला तर पुढे काय घ्यायचं? इथून रस्ता घसरडा आहे हे लक्षात ठेवा. माझ्या मते दुसरं घ्यायचं ते ऑस्कर गॅम्बल, टॉप्स ट्रेडेड १९७६, म्हणजे टीम बदललेल्या खेळाडूंची वेगळी कार्डं. गॅम्बलचे केस म्हणजे टोपीच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला प्रचंड आफ्रो, टोपी मधे कशीबशी अडकवलेली. तो क्लीव्हलँडकडून यँकीजकडे गेला, टॉप्सकडे यँकीजच्या कपड्यातला फोटो नव्हता, म्हणून त्यांनी जुन्याच फोटोवर ब्रशने यँकीजची टोपी रंगवून टाकली. (फोटोशॉपच्या आधी हे असंच चालायचं, टीम बदलली की रंगवा टोपी, आणि काही टोप्या तर शाळेतल्या पोराने रंगवल्यासारख्या.) पण गंमत अशी की यँकीजच्या मालकाचा नियम होता, लांब केस चालणार नाहीत. गॅम्बलला केस कापावे लागले. म्हणजे कार्डावरचा हा माणूस, एवढे केस आणि यँकीजची टोपी, असा मैदानात कधी उतरलाच नाही! आणि ते कार्ड त्याच्या सगळ्या कारकिर्दीपेक्षा जास्त प्रसिद्ध झालं.

मग चुकांचा विभाग. १९६९ च्या टॉप्समध्ये ऑरेलिओ रॉड्रिगेझ म्हणून जो फोटो आहे तो मुळात रॉड्रिगेझ नाहीच, एंजल्स टीमचा बॅटबॉय, म्हणजे बॅटी उचलून ठेवणारा पोरगा आहे, लेनर्ड गार्सिया. १९५७ चा हँक ॲरन डावखुरा दिसतो कारण निगेटिव्ह उलटी लागली. १९५९ चा लू बर्डेट पण डावखुरा दिसतो, तो मात्र त्याने मुद्दाम केलेला चावटपणा, उजव्या हाताचा पिचर असून ग्लव्ह चुकीच्या हातात घालून पोज दिली, फोटोग्राफरला पत्ता नाही, आणि वर कंपनीने नावाचं स्पेलिंग पण चुकवलं. पाइन टारवाला बिली मार्टिन आठवतोय? १९७२ च्या टॉप्समध्ये तो बॅटवर हात ठेवून गुपचूप मधलं बोट दाखवतोय, आणि ते तसंच छापून आलं.

चुकांचा राजा मात्र परत फ्लीअरच, १९८९, नंबर ६१६, बिली रिपकिन. बॅटच्या मुठीच्या बुडावर मार्करने एक सणसणीत इंग्रजी शिवी लिहिलेली, दोन शब्दांची, स्पष्ट वाचता येते. बोंबाबोंब झाल्यावर कंपनी घाबरली आणि दुरुस्त करायला लागली, पण एका पद्धतीने नाही, कधी पांढऱ्या रंगाने खोडलं, कधी खरडलं, कधी काळा चौकोन छापला. त्यामुळे एका चुकीची इतकी रूपं झाली की लोक आता सगळी रूपं जमवतात. दुरुस्तीनेच धंदा वाढवला. रिपकिनने वीसेक वर्षांनी, २००८ मध्ये, कबूल केलं की प्रॅक्टिसची बॅट पटकन ओळखू यावी म्हणून त्यानेच लिहिलं होतं. मूळ शिवीवालं कार्ड अजूनही खिशाला परवडतं.

आणि त्याच वर्षीचं, पण मायनर लीगमधलं (मोठ्या लीगच्या खालची), कीथ कॉमस्टॉक, लास व्हेगस स्टार्स. याने बॉल पँटला पुढून नको त्या जागी चिकटवून घेतला आणि बॉल लागून कळवळल्याचा चेहरा करून फोटो काढून घेतला. बस, अजून काय सांगू. माझ्या मुलाला ६६० मधलं एकही कार्ड आवडलं नाही, हे एक मात्र त्याने मित्रांना दाखवायला नेलं.

केलॉग्जच्या सिरियलच्या खोक्यातून १९७० ते ८३ या काळात थ्रीडी कार्डं यायची, रेघारेघांचं प्लास्टिक लावलेली, तिरकी केली की खेळाडू मागच्या चित्रापासून सुटून पुढे येतो. बघायला फार गोड, पण ती कालांतराने वाकतात आणि वरचा प्लास्टिकचा थर तडकतो, सरळ करायला गेलात की संपलंच, त्यामुळे वाकलेलंच घ्या आणि वाकलेलंच ठेवा. १९७५ ते ७९ ची होस्टेसची कार्डं केकच्या खोक्यावर तीन-तीन छापलेली असायची, पोरांनी घरच्या कात्रीने कापायची. वेडीवाकडी कापलेली अगदी स्वस्त मिळतात आणि मला तीच जास्त आवडतात.

हे सगळं वाचून 'काय हा रिकामटेकडेपणा' असं वाटलं तर न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमपर्यंत एक चक्कर मारा. तिथे जेफरसन बर्डिक नावाच्या माणसाने दिलेला तीन लाखांवर छापील चिठोऱ्यांचा संग्रह आहे, त्यात तीस हजारांवर बेसबॉल कार्डं, आणि थोडी थोडी आलटूनपालटून मांडतात. हा गृहस्थ सिरॅक्यूजच्या कारखान्यात काम करायचा, संधिवाताने हात आखडलेले, तरी म्युझियममध्ये बसून स्वतः एकेक अल्बममध्ये चिकटवत राहिला. जानेवारी १९६३ मध्ये काम संपवलं आणि मार्चमध्ये गेला. होनस वॅग्नर या जुन्या खेळाडूचं ते कोट्यवधींचं टी२०६ कार्ड म्हणतात ना, त्यातला 'टी२०६' हा नंबर याच्याच कॅटलॉगमधला. आणि बेसबॉलची मॅच तो कधी बघायलाही गेला नाही म्हणतात, म्हणजे माझ्याच पंथातला.

भारतातून मागवावं का, असं बहिणीने विचारलं. पूर्ण सेट नको, वजनदार आहे, पोस्टेजच सेटच्या वर जाईल, शिवाय कस्टम्स. सुटी पाच-सहा कार्डं साध्या पाकिटातून येतात किंवा कुणी येणार असेल त्याच्या बॅगेत टाका. आपल्याकडे बिग फनच्या गमसोबतचे क्रिकेटवाले कागद ज्यांनी वहीत जपले असतील किंवा रेसलिंगचे ट्रम्प कार्ड शाळेत जप्त झाले असतील त्यांना काही वेगळं समजवावं लागणार नाही.

स्टार द्यायचे तर पाचपैकी चार. एक कापला तो त्या सहाशे डोळे बारीक केलेल्या माणसांसाठी. फ्लीअर कंपनी स्वतः २००५ मध्ये बुडाली, नाव दुसऱ्यांनी विकत घेतलं, त्यामुळे तक्रार करायला कुणी नाही. माझ्याकडे हबर्ड आता डबल झालाय, बदल्यात जॉनस्टोन नको, तोही आहे, गॅम्बल कुणाकडे जास्तीचा असेल तर बोला.